मोठ्या घरात बाळ येशूची जागा



आगमन काळ सुरू झाला की आपल्या वसईच्या गावागावांत घरे उजळू लागतात. जुन्या कौलारू घरांच्या जागी आज अनेक ठिकाणी ऐसपैस बंगले उभे आहेत. ही देवाची कृपा आहे आणि वाडवडिलांनी गाळलेल्या घामाचे फळही. एवढे मोठे घर नाताळसाठी कसे सजवावे, म्हणजे ते देखणे दिसेल आणि आलेल्या माणसाला आपलेसेही वाटेल, हा प्रश्न अनेक कुटुंबांना पडतो. प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधताना आपण थेट बेथलेहेमला पोहोचतो.

संत लूक सांगतो की, योसेफ आणि मरियेला उतारशाळेत जागा मिळाली नाही. आपल्या घरांत जागेला तोटा नाही. ती जागा आपण कोणाला देतो, हे मात्र आपण स्वतःला विचारले पाहिजे.

१२२३ साली इटलीतील ग्रेचो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाण मांडली. तेथे मूर्ती नव्हत्या. गवत, एक बैल आणि एक गाढव एवढीच ती सजावट होती. गावकरी मेणबत्त्या आणि मशाली घेऊन आले, त्या गव्हाणीपाशी मिस्सा झाली आणि रानातली ती रात्र उजळून निघाली. साहित्य थोडे होते, माणसे पुष्कळ होती. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली त्याच ग्रेचोत एका पत्रावर सही केली आणि घराघरांत गोठा करण्याची परंपरा जपण्याचे आवाहन केले.

म्हणून मोठ्या घराची प्रत्येक खोली दिव्यांनी भरण्याची गरज नाही. जेथे कुटुंब जपमाळेसाठी एकत्र बसते, तेथेच गोठा करावा आणि तेच घराचे हृदय ठरावे. आठवडाभर आधी ताटलीत गहू किंवा नाचणी पेरली, तर गोठ्याला हिरवेगार गवत मिळते. वाडीतली शेवंती, मातीच्या पणत्या, डोळ्यांना न टोचणारा पिवळसर प्रकाश एवढे पुरे. गव्हाण २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी. तीन राजांना घराच्या दूरच्या टोकाला उभे करावे आणि मुलांनी त्यांना रोज थोडे पुढे सरकवावे. तीन राजांच्या सणाला ते गोठ्यापाशी पोहोचतील. मोठ्या घराचा असा सुंदर उपयोग लहान घराला साधणार नाही!

परंतु काही घरांत असेही दिसते की, पाहुणे येणार म्हणून दिवाणखाना झळकतो आणि आजीची खाट मागच्या खोलीत जाते. तिची औषधे, तिची काठी, तिचा खोकला सजावटीत बसत नाही. बंधू-भगिनींनो, ज्या घरात म्हातारे माणूस अडगळ ठरते, तेथे गोठा कितीही सुंदर असला तरी येशूला उतारशाळेचे बंद दारच दिसेल. गोठा आजीला खाटेवरून दिसेल असा मांडावा. पहिला तारा तिच्या खिडकीत लावावा.

काही बंगल्यांत याउलट दुःख आहे. मुले परदेशी आहेत, आठ खोल्या आहेत आणि जेवायला दोनच माणसे. कोणासाठी सजवायचे, असे ते आईवडील विचारतात. पोलंडमधील ख्रिस्ती कुटुंबे नाताळच्या पूर्वसंध्येला टेबलावर एक ताट जास्तीचे मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. आपणही ते मांडू या. शेजारची विधवा, गावी जाऊ न शकलेला भाडेकरू, ज्या बाईने आपली फरशी पुसून लखलखीत केली ती आणि तिची मुले, यांपैकी कोणीतरी त्या ताटावर बसावे. ती मुले ओटीवरून परत न जाता आत येऊन बसली, तर घराला ऊब आपोआप येईल.

या नाताळात दिवे लावण्याआधी आपण सहकुटुंब एकदा घरातून फिरू या आणि प्रत्येक दारापाशी विचारू या: येथे कोणासाठी जागा होऊ शकते? ज्याचे नाव मनात येईल, त्याला आजच निरोप धाडू या. बाळ येशू त्याच्याच पावलांनी आपल्या घरी येवो.