किल्ला नसलेल्यांचे

परभणीकराची एक अडचण असते. पुण्याचा पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर हमखास विचारतो, "तुमच्याकडे किल्ला कुठला हो?" सातारकराने अशा वेळी नुसते खिडकीतून बोट दाखवावे. आमच्या खिडकीतून कापूस दिसतो. त्यात २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा कापसाकडे पाहत बसलो.

मग मी पाहुण्याला सेलू तालुक्यातल्या वालूरला नेतो. तिथे एक बारव आहे. गोल. पायऱ्या वळत वळत खाली पाण्याकडे उतरतात. "कोणी बांधली?" असे कोणी विचारलेच तर आम्हा मराठवाड्यातल्या लोकांचे उत्तर तयार असते: हेमाडपंताने! हा गृहस्थ १३ व्या शतकात देवगिरीच्या यादवांचा प्रधान. चुन्याशिवाय दगडावर दगड दिसला की टाक त्याच्या खात्यावर. त्याच्या जन्माआधीची देवळेसुद्धा आपण त्याच्या नावावर जमा केली आहेत. ज्यांच्या हाताला घट्टे पडले ते पाथरवट मात्र कोणाच्याच वहीत नाहीत.

दिवाळीत पोरे अंगणात किल्ला करतात. बारव कोणी करीत नाही. (केली तर घरमालक खोली सोडायला सांगेल, ही गोष्ट वेगळी.) पण खरे सांगा, किल्ल्याचा दरवाजा माणसे अडवायला आणि बारवेच्या पायऱ्या माणसे उतरायला. मग थोर कोण? मी बारवेच्या बाजूने निकाल देणार, तोच १९२७ साल आठवते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. म्हणजे दार नसलेल्या पाण्यालाही आम्ही दार बसवलेच! तेव्हा दगडाचा अभिमान धरताना माणसांचा हिशेबही मांडावा लागतो.

पुढे नळ आला आणि गावोगावच्या बारवांत कचरा पडू लागला. गरज सरो नि वैद्य मरो! वालूरची बारवही गाळाने भरली होती. एकदा एक म्हातारेबाबा मला म्हणाले, "काय शोधायलाव? तहान भागल्यावर घागर कोण आठवतंय?" मुद्दा बिनतोड होता. काम संपलेल्या वस्तूचे आपण काय देणे लागतो? फाटकी छत्री आपण काही देव्हाऱ्यात ठेवीत नाही.

पण वालूरच्याच लोकांनी श्रमदान करून तो गाळ उपसला. २०२२ साली टपाल खात्याने या बारवेचे चित्र पोस्टकार्डावर छापले. लोकांनी पत्रे लिहिणे सोडल्यावर! गुजरातेतली 'रानी की वाव' २०१८ साली शंभराच्या नोटेवर गेली, आमची पोस्टकार्डावर. असो. ज्याची त्याची ऐपत.

मला वाटते, गरज असताना केलेला नमस्कार हा बहुधा अर्जच असतो. गरज संपल्यावर केलेला, तोच खरा. वालूरकरांच्या हातातल्या टोपल्या या दुसऱ्या जातीच्या. आणि गरज संपली हे तरी कोणी ठरवले? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तेव्हा वैद्य मेला असे समजून तेराव्याची तयारी करणाऱ्यांनी एकदा नाडी पाहून घ्यावी. आपलीच.