नमस्कारात मान काय करते

दुर्गच्या आमच्या वाचन मंडळात ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय लागला की एक प्रश्न हमखास निघतो. यंदा तो माझ्यावरच आला. भिलाईच्या प्लांटातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "ताई, वाचनाआधी तुम्ही सगळ्यांना मानेचे व्यायाम करायला लावता. देह तर आज ना उद्या जायचाच. परमार्थाला म्हणून जमायचं आणि मानेचे लाड करत बसायचं, हे माझ्या मनाला पटत नाही."

प्रश्न मनापासूनचा होता, त्यामुळे उत्तरही मनापासून द्यायला हवं होतं. मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. शिकले अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. 1914 साली उभी राहिलेली ही संस्था. तिच्या मंडळींनी 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. तिथे मान मला कळली ती पैलवानांकडून. डोकं आणि पाय जमिनीला टेकवून अख्खं अंग कमानीसारखं उचलणारे, चीत होता होता मानेच्या जोरावर सुटणारे ते गडी. पोथी माझ्या आयुष्यात फार नंतर आली, लग्न होऊन इकडे आल्यावर, सासूबाईंच्या मागे बसून ऐकता ऐकता.

काकांना मी सहाव्या अध्यायाचाच आधार दिला. श्रीकृष्ण ध्यान सांगायला बसतात तेव्हा आधी जागा सांगतात, मग आसन, आणि तेराव्या श्लोकात शरीर, डोकं आणि मान एका रेषेत स्थिर धरायला सांगतात. नजरेची गोष्ट त्यानंतर येते. नेवाशाला 1290 मध्ये ज्ञानदेवांनी या जागी केवढा विस्तार केला! गळा आवळून हनुवटी कंठाच्या खळगीत घट्ट बसते आणि छातीला टेकते, इथपर्यंत ते जालंधर बंधाचं वर्णन करतात. ज्याला मान ही क्षुल्लक बाब वाटली असती तो तिथे इतका रेंगाळला नसता.

पण हे झालं प्रमाण. काकांना हवा होता अनुभव, म्हणून त्यांना सतरंजीवर ताठ बसवलं आणि हनुवटी सरळ मागे न्यायला सांगितली. खाली नाही, वर नाही, मागे. सगळ्यांचं होतं तेच त्यांचं झालं: हनुवटी वर गेली आणि मानेचा मागचा भाग चेपला. मी त्यांच्या हनुवटीला एक बोट लावलं, टाळूवर दुसरा हात ठेवला आणि म्हटलं, टाळू छताकडे वाढू द्या. तेव्हा कुठे हनुवटी सरळ मागे आली. गळ्याच्या आत, मणक्यांना लागून जे बारीक लांबट स्नायू असतात, ते या हालचालीत कामाला लागतात. वरून काही दिसत नाही, पण चार-पाच श्वास धरलं की उतारवयातला माणूस थरथरायला लागतो. मग तळवा कपाळाला लावून डोक्याने तळव्याला रेटायचं, तळव्याने डोक्याला; दोघांनीही हलायचं नाही आणि जोर पाव हिश्शाहून जास्त नको. असंच मागून, असंच दोन्ही बाजूंनी. पैलवानांची ती कमान मी आमच्या वयाच्या कुणाला कधी करू देत नाही. हाताला मुंग्या येत असतील किंवा चक्कर येत असेल, त्याला आधी डॉक्टरकडे पाठवते.

यानंतर मला खरी सांगायची होती ती गोष्ट. दोन बोटं मानेच्या मागे, कवटीच्या खाली ठेवा आणि नमस्काराला वाकतो तशी मान हळूहळू खाली न्या. बोटांखाली दोन दोर ताणलेले लागतील. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते खाली जात असताना मागचे स्नायू त्याला इंच इंच धरून उतरवत असतात. अगदी शेवटी, हनुवटी छातीशी आली की ते दोर सैल पडतात. म्हणजे लोंबणाऱ्या मानेला कष्ट नाहीत. कष्ट आहेत ते वाकण्यात. पंढरपुरात विठोबाच्या पायांवर डोकं ठेवणारा वारकरी काय किंवा कीर्तनानंतर आपल्या नातवाच्या वयाच्या मुलाच्या पाया पडणारा म्हातारा काय, ते मान टाकत नाहीत, मान नेतात.

माझ्या मते शरणागतीचा सगळा प्रश्न इथे उभा राहतो. पहिल्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन धनुष्य टाकून रथात बसकण मारतो. त्या अवस्थेत श्रीकृष्ण त्याला एक शब्दही तत्त्वज्ञान सांगत नाहीत. आधी म्हणतात, हे दुबळेपण सोड आणि ऊठ. त्यानंतर अर्जुन म्हणतो, मी तुझा शिष्य आहे, तुला शरण आलो आहे, मला शिकव. आणि मग उपदेश सुरू होतो. गळून पडणं आणि शरण जाणं यांच्यामध्ये गीतेने 'ऊठ' ठेवलं आहे. आम्ही मात्र फार वेळा खचण्यालाच नम्रता समजतो, विशेषतः बायकांच्या बाबतीत. खाली घातलेली मान म्हणजे संस्कार, असं मला कितीजणींनी ऐकवलं आहे! माझ्या विद्यार्थिनींना मी मैदानावर आधी मान उचलायला शिकवलं आणि मगच नमस्कार. त्याचा मला आजही अभिमान आहे.

काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी खिडकीकडे बोट केलं. समोर घर बांधलं जातंय. रेजा, म्हणजे मजूर बायका, घमेलं डोक्यावर घेऊन फळीवरून चढत होत्या. "मग या तर तुमच्या हिशेबाने योगिनीच झाल्या," ते म्हणाले. "शरीर, डोकं, मान, सगळं सरळ. दिवसभर."

त्यांच्यातल्या एकीशी माझं बोलणं असतं. चुंबळ नीट करता करता ती म्हणाली होती, "संझा के घेंच पिराथे, दीदी." संध्याकाळी मान दुखते. तिची मान माझ्या कुठल्याही विद्यार्थिनीपेक्षा बळकट आहे, पण तिला योगिनी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तप स्वतः पत्करावं लागतं. तिने पत्करली आहे मजुरी, आणि ओझं त्या मजुरीसोबत आलंय. सतराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की जे देहाला जाच करतात ते देहात बसलेल्या मलाही जाचतात. तिथे बोलणं आहे स्वतःच्या देहाला छळणाऱ्यांबद्दल. मग दुसऱ्याच्या देहावर ओझं चढवणाऱ्यांचं काय? देह जायचाच आहे हे वाक्य आपण नेहमी आपल्या देहाबद्दल बोलतो आणि किंमत मात्र दुसऱ्याच्या देहाची कमी करतो. काकांना मी एवढंच म्हटलं की तिला माझ्या व्यायामाची गरज नाही, तिचं घमेलं उतरायला हवं.

ते घर आमच्याच मंडळातल्या एका गृहस्थांचं आहे. त्याच दिवशी त्यांना म्हटलं, वर एक कप्पी आणि दोर लावा, माल ओढून घेता येईल. ठेकेदाराशी बोलतो म्हणाले. कप्पी अजून लागलेली नाही. येत्या गुरुवारी वाचनाआधी, सगळ्यांसमोर, मी पुन्हा विचारणार आहे.