बांगड्या आणि मुसळ



श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतात. त्यांत एक कुमारिका आहे. मागणी घालायला पाहुणे आलेले, घरात ती एकटीच. तांदूळ नाहीत, म्हणून साळी कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. घरची गरिबी पाहुण्यांना कळेल, या लाजेने तिने एकेक बांगडी फोडली. दोन उरल्या, त्याही वाजल्या. मग हातात एकच ठेवली. दोघे जमले की बोलणे वाढते, साधकाने एकटे राहावे, हा बोध अवधूतांनी घेतला.

मी बँकेतला कारकून. या कथेतून मी फक्त सोयीचे तेवढे घेतले: गप्प राहावे. साहेबांसमोर गप्प, युनियनमध्ये गप्प. त्याला मी मौन म्हणत असे!

एका वर्षी वरून विम्याचे टार्गेट आले. पीककर्ज मंजूर झाले की शेतकऱ्याच्या खात्यातून हप्ता परस्पर कापायचा. सही नाही, विचारणे नाही. व्हाउचर मी करायचो. एक द्राक्षवाले बाबा पासबुक घेऊन काउंटरवर आले. "भाऊसाहेब, हे पैसे कशाचे कापले?"

मी म्हणालो, "नियम आहे, बाबा."

असा नियम नव्हता. म्हणजे मी नुसता गप्पही राहिलो नव्हतो.

त्याच आठवड्यात आमच्याकडे दत्त जयंतीचा सप्ताह होता. प्रवचनात नाथांची आख्यायिका निघाली. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, मुसलमानी राजवटीतले अधिकारी. पण दत्तभक्ती त्यांनी झाकली नाही. गुरुवारी किल्ल्यावर सुट्टी असे, असे सांगतात. त्यांनी एकनाथांना हिशेबाला बसवले. एका पैचा ताळा लागेना. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. एका पैसाठी कोण विचारणार होते? आम्ही बँकवाले ही गोष्ट एकाग्रतेची म्हणून सांगतो. मला त्या रात्री ती निराळी ऐकू आली. आमचा ताळा रोज संध्याकाळी जमत होता. चूक वहीत नव्हतीच.

पुढे याच नाथांनी त्याच अकराव्या स्कंधावर टीका लिहिली, १५७३ साली काशीत पूर्ण केली. घरी येऊन मी कुमारिकेची कथा पुन्हा वाचली. तिने बांगड्या थांबवल्या, मुसळ नाही. कांडण चालूच होते, पाहुण्यांना जेवू घालायचे होते. मी बांगड्या हातात ठेवून मुसळच खाली टाकले होते.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेलो. पाय लटपटत होते. म्हणालो, "साहेब, संमतीच्या सहीशिवाय पुढचे व्हाउचर मी करणार नाही." साहेब ओरडले नाहीत. दोन महिन्यांनी मला आवक-जावकच्या टेबलावर बसवले आणि व्हाउचरे दुसरा करू लागला. लेखी अर्ज दिल्यावर त्या बाबांचे पैसे तेवढे परत जमा झाले. बाकीच्यांचे नाही. ते आजही मनात आहे.

निवृत्तीनंतर पिंपळगावात एका गुरुवारी आरतीला तेच बाबा शेजारी उभे. प्रसाद घेताना मी म्हणालो, "बाबा, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो होतो."

"ठाऊक हाये," ते म्हणाले. "तुम्ही वर बघून बोलले नव्हते."