तीन फुटांचा अर्ज

गुढियारीच्या घाऊक बाजारात सकाळी दहानंतर गाडी नेण्यात अर्थ नसतो. ट्रकमधून पोती उतरत असतात, हातगाड्या आडव्या लागलेल्या असतात. म्हणून त्या दिवशी मी पायीच गेलो. घर बाजारामागच्या गल्लीत. मालक आमच्या तात्यापाऱ्यातल्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा, मला काका म्हणतो. मी आयुष्यभर रायपुरात घरांचे नक्शे काढले (इथल्या मराठी घरांतही नकाशाला नक्शाच म्हणतात), तेव्हा बांधकाम नियमांतून सवलतीचा अर्ज देण्याआधी मी एकदा पाहावा, असं त्याला वाटत होतं.

त्याच्या मागण्या दोन होत्या. रस्ता रुंद झाला तेव्हा प्लॉटचा पुढचा कोपरा तिरका कापला गेला. आता नियमाचं अंतर सोडलं तर जिन्याला जागाच उरत नाही, म्हणून पुढे थोडी सूट. आणि मंजूर नक्शात बाजूला जी आठ फूट मोकळी जागा आहे, त्यातली तीन फूट आईच्या खोलीसाठी.

"काका, आईला आता जिना चढवत नाही," तो म्हणाला. ते अगदी खरं होतं. त्या माउलीला पायरीपायरीवर थांबताना मी पाहिलेलं आहे. अशा वेळी तीन फुटांचा हिशेब करायला बसणं जिवावर येतं.

तरी तो करावा लागतो. न्यूयॉर्कने 1916 साली शहरभर झोनिंगचे नियम लावले, तेव्हाच अपवादांचा विचार करायला एक अपील मंडळही ठेवलं. पुढे जी कसोटी घडत गेली ती मला आजही पटते. अडचण त्या जमिनीचीच आहे, की मालकाने ती स्वतः ओढवून घेतली आहे? आणि सवलत दिली तर शेजाऱ्याचं काय जातं? गरज किती मोठी, हा प्रश्न त्यानंतर येतो. गरज माणसाबरोबर बदलते. भिंत एकदा उभी राहिली की घर विकलं तरी तिथेच राहते.

मी तळमजला पाहायला मागितला. अर्ध्याहून जास्त तळमजला एका धान्याच्या व्यापाऱ्याला गोदाम म्हणून भाड्याने दिलेला होता. आईची खोली तिथेच होती. तिच्यात पोती रचलेली होती. मला वाईट वाटलं, कारण मुलगा खोटं बोलत नव्हता. भाड्यावर घराचे हप्ते जात होते, आणि गोदाम हलवता येईल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

मग मी शेजारच्या बाईंकडे गेलो. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी त्या आठ फुटांवर उघडते. उजेडाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी 5 एप्रिल 2024ची आठवण काढली. त्या दिवशी गुढियारीतल्या वीज कंपनीच्या भांडारात ट्रान्सफॉर्मर पेटले, काळ्या धुराने आकाश भरलं आणि आसपासची घरं रिकामी करावी लागली. "तेव्हापासून मी या मधल्या बोळाकडे बघत असते, इथून बाहेर पडता येईल ना," त्या म्हणाल्या. नक्शावर ज्या पट्टीला आम्ही सामासिक अंतर म्हणतो, तिचं काम इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

परतल्यावर मुलाने अपेक्षित प्रश्न विचारला. "आधी बांधून मग नियमित करून घेतलं तर?" छत्तीसगडमध्ये त्यासाठी 2002चा नियमितीकरण कायदा आहे, 2022 साली त्यात दुरुस्तीही झाली. महाराष्ट्रातही गुंठेवारीपासून असेच मार्ग निघाले. गरिबांची घरं वाचतात, हे मी नाकारत नाही. पण दंड भरून सुटणाऱ्याला कुणी शेजाऱ्याची खिडकी विचारत नाही, आणि आधी येऊन विचारणारा मात्र रांगेत ताटकळतो. जो आधी विचारतो त्याचं म्हणणं जास्त आस्थेने ऐकलं गेलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ते ऐकल्यावर होकार असो वा नकार, त्याचं कारण लिहून दिलं पाहिजे. तामिळनाडू सरकारने बांधकाम नियमांतून दिलेल्या सवलतींच्या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली दिला. न्यायालयाने सवलत देण्याचा अधिकार मान्य केला, पण पुरेसा विचार न करता काढलेले 62 आदेश रद्द केले.

मीही माझी कारणं त्याला लिहून दिली. पुढचा कोपरा मागावा. ती अडचण रस्त्याने केलेली आहे, तुम्ही नव्हे, आणि त्या सवलतीने कुणाचं काही जात नाही. बाजूची तीन फूट मागू नयेत.

तो बराच वेळ कागद हातात धरून बसला. रागावला असावा. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला: व्यापाऱ्याने पुढचा भाग ठेवून मागची खोली सोडली होती, भाडं कमी झालं होतं, आणि न्हाणीघराचा उंबरा किती ठेवावा हे त्याला विचारायचं होतं. उंबरा ठेवूच नका, म्हटलं, फरशीला उतार द्या. कोपऱ्याचा अर्ज दिला आहे. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.