तलाव कोणी बांधला?

दहावीचं इतिहासाचं पुस्तक आठवतं? बालभारतीचं, २०१८ पासूनचं. पहिलाच धडा इतिहास कसा लिहितात याचा. त्यात रेने देकार्त भेटतो. त्याचं म्हणणं असं, की निःसंशय खात्री पटल्याशिवाय कुठलीही गोष्ट खरी मानू नये. मग व्हॉल्टेअर. त्याच्यामुळे राजे-लढायांसोबत शेती, व्यापार, चालीरीतीही इतिहासात आल्या.

आपण काय केलं? ‘आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण?’ व्हॉल्टेअर. मिळाला गुण. संशय घ्यायला शिकवणारा धडा आपण जराही संशय न घेता पाठ केला.

आता गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीत चला. मिरचीसाठी ओळखलं जाणारं गाव. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांधचा मोठा तलाव आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं सांगतात. समजा, केशोरीतल्या एका मुलीनं वर्गात विचारलं, “सर, हे कशावरून?”

सरांची अडचण खरी आहे. अभ्यासक्रम संपवायचाय, ४० गुणांची परीक्षा तोंडावर आहे. शिवाय एक भीतीही असते: या वयात संशय शिकवला तर मुलं कशालाच मानणार नाहीत.

मला ही भीती चुकीच्या जागी वाटते. ‘सगळं खोटंच असतं’ म्हणणं हासुद्धा आळसच, आलेला मेसेज न वाचता फॉरवर्ड करण्यासारखा. ‘कशावरून?’ विचारलं की उलट काम वाढतं. गॅझेटिअर उघडावं लागतं, म्हाताऱ्या माणसांशी बोलावं लागतं, दोन हकिकती जुळत नसतील तर का, ते शोधावं लागतं. शेवटी ‘इतकंच कळलं’ असं प्रामाणिकपणे लिहावं लागतं.

आणि त्या मुलीच्या प्रश्नानं कोलू पाटील लहान होत नाहीत. एवढा बांध एकट्यानं घातला जात नाही. माती कोणी वाहिली? त्यांना काय मिळालं? पाणी कोणाच्या शेतात गेलं? त्या माणसांची नावं गोष्टीत नाहीत. प्रश्नच विचारला नाही, तर ती होती हेसुद्धा आपण विसरू. म्हणून हा प्रश्न मला गुणांचा वाटत नाही, न्यायाचा वाटतो.

पाठ्यपुस्तक फेकायची गरज नाही. त्यातल्या एखाद्या वाक्यापाशी थांबून त्यालाही तेच विचारायचं: कशावरून?