जादा गाडी

कोथरूडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सातला योगाचा वर्ग भरतो. 2024 च्या वसुबारसेला तिथे चौदा चटया पसरल्या होत्या. ताईंनी आधीच बजावलं होतं, फराळाच्या आठवड्यात दांडी मारायची नाही.

ताई स्वतः तर मारतच नव्हत्या. पहाटे पाचला घरच्या गच्चीवर बायकांचा वर्ग, सहाला लॅपटॉपसमोर न्यू जर्सीतली मराठी मंडळी (त्यांचे आदल्या रात्रीचे साडेआठ), सातला ही सोसायटी, अकराला हिंजवडीच्या एका कंपनीत खुर्चीवर बसून करायची आसनं, संध्याकाळी आणखी दोन वर्ग. रात्री चकल्यांचा सोऱ्या. कंपन्यांनाही कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचा पुळका नेमका दिवाळीच्या आठवड्यातच येतो.

हे सगळं हौसेनं चाललं होतं असं कुणी समजू नये. मे महिन्यात लोक गावाला जातात, चटया गुंडाळलेल्या राहतात आणि हॉलचं भाडं मात्र चुकत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच कमाईचा हंगाम. दिवाळीआधी लोक फराळ पचावा म्हणून येतात, दिवाळीनंतर तोच उतरवायला.

त्या दिवशी सुरुवातीलाच ताईंनी हठप्रदीपिकेतल्या सहा गोष्टी सांगितल्या, ज्यांनी योगाचा नाश होतो त्या. पहिली अत्याहार. हॉल हसला. बेसनाचे लाडू त्यात धरायचे का, असं कुणीतरी विचारलं. पुढची नावं ताईंनी बोटांवर भराभर संपवली : प्रयास, प्रजल्प, नियमाग्रह, जनसंग, लौल्य.

मागच्या रांगेतून काकांनी हात वर केला. हे काका म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गुडघ्यांसाठी वर्गात आले आणि गुडघे बरे झाल्यावरही टिकले.

“ताई, दुसरं काय म्हणालात?”

“प्रयास. झेपेल त्याहून जास्त कष्ट उपसणं. चला, ताडासन.”

योगशिक्षक वर्गाकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून तोंडानं ‘उजवा’ म्हणतो आणि स्वतः डावा पाय टाकतो. समोरच्यांना तो आरशासारखा दिसावा लागतो. एक बाजू दाखवून झाली की दुसऱ्या बाजूच्या वेळी तो लोकांचे खांदे, गुडघे सरळ करत फिरतो. त्यामुळे त्याचं स्वतःचं अंग वर्षानुवर्षं एकाच बाजूला ताणलं जातं, तेही धड गरम न होता. ताईंच्या डाव्या मांडीची मागची शीर गणपतीपासून ओढत होती. शिष्यांपैकी कुणाची ती ओढत असती, तर ताईंनी त्याला महिनाभर वाकू दिलं नसतं.

त्रिकोणासनात ताई ‘उजवा’ म्हणाल्या आणि त्यांनी उजवाच पाय टाकला. निम्मा वर्ग शब्दामागे गेला, निम्मा पायामागे. दोन आज्यांची टक्कर झाली. हसण्यावारी गेलं.

मग शवासन. हे एक आसन शिकवणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. सगळे मेलेले असताना एकानं घड्याळ बघायचं असतं. ताई भिंतीला टेकून बसल्या, श्वासाकडे लक्ष द्या म्हणाल्या आणि गप्प झाल्या. सात मिनिटं झाली, दहा झाली. शिस्त अशी की सूचना मिळाल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत. पंधरा मिनिटं झाली. एकीनं चकलीची भाजणी भिजवून ठेवली होती, एकाची कंपनीची बस सव्वाआठला होती. पण उठेना कुणी. शेवटी भिंतीकडून बारीकसं घोरणं आलं तेव्हा काकांनी एक डोळा उघडला.

ते उठले आणि स्टँडवरच्या कंट्रोलरच्या आवाजात, पण हळू म्हणाले, “चला, उतरून घ्या. सामान बघून घ्या.”

चटया गुंडाळल्याच्या आवाजानं ताईंना जाग आली. शरमेनं त्या एकदम उभ्या राहिल्या आणि सांगायचं राहिलेलं सांगून टाकलं : भाऊबीजेच्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जाणार, म्हणजे तिकडच्या साडेआठला इकडे सात वाजणार. तिकडच्यांना मुलांच्या जेवणामुळे साडेआठच्या आत जमत नाही. तेव्हा सोमवारपासून घरचा वर्ग साडेचारला आणि हा पावणेसहाला.

सगळे पांगले. काका मात्र चपला घालेनात.

“ताई, दिवाळीत आम्ही जादा गाड्या सोडायचो. लोक सणाला घरी, आम्ही रस्त्यावर. बत्तीस दिवाळ्या काढल्या तशा.”

“मग तुम्हाला कळतंच काका.”

“कळतं म्हणून तर थांबलोय. जादा गाडीला जादा ड्रायव्हर लागतो. त्याच माणसाला दोनदा बसवून जादा गाडी होत नाही. 1961 चा कायदा आहे, आठ तासांची ड्युटी, पाच तासांनी अर्धा तास विश्रांती. तो काय ड्रायव्हरच्या लाडासाठी केलाय? मागं पन्नास माणसं बसलेली असतात.” मग जरा थांबून म्हणाले, “आज उजवा म्हणून उजवाच टाकलात. रस्त्यावर असं झालं की आम्ही पुढच्या स्टँडला गाडी लावायचो आणि चहा घ्यायचो.”

ताईंना राग आला. हॉलचं भाडं काका भरणार होते थोडंच. त्या रात्री सोऱ्या फिरवताना त्यांनी सगळ्या वर्गांचे पैसे मनात दोनदा मांडले, आणि दोन्ही वेळा बेरीज वेगळी आली. तेव्हा सोऱ्या खाली ठेवला.

भाऊबीजेच्या आधी त्यांनी आपल्याच हाताखाली तयार झालेल्या एका मुलीला फोन केला. सोसायटीचा सातचा वर्ग तिला दिला, फीसकट. महिन्याचे साडेचार हजार गेले, ते ताईंना बोचलं आणि पुढेही बोचत राहिलं. पाचचा वर्ग आठवड्यात तीन दिवसांवर आणला. दोघी बायका नाराज होऊन दुसरीकडे गेल्या.

शनिवारी न्यू जर्सीला सुट्टी असते. 9 नोव्हेंबरला ताई सोसायटीच्या हॉलमध्ये आल्या आणि मागच्या रांगेत काकांच्या शेजारी पंधरावी चटई पसरली. नवी मुलगी बावरली, पण सावरून म्हणाली, “त्रिकोणासन. उजवा पाय बाहेर.”

ताईंनी सवयीनं डावा टाकला.

“ताई,” काका पुढे बघतच कुजबुजले, “आज पॅसेंजर आहात. उजवा.”