उपयोग संपलेले गाव

वस्तू निरुपयोगी झाली म्हणजे ती टाकून द्यावी, हा व्यवहार झाला. पण गावाविषयी असे म्हणता येईल काय? इंग्लंडच्या ईशान्येस डरहॅम परगण्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाही. तेथील कित्येक खेडी कोळशासाठीच वसली. आधी खाण खोदावयाची, मग कंपनीने शेजारी घरांच्या रांगा उभारावयाच्या, हा क्रम. १९५१ मध्ये परगण्याच्या लोकनियुक्त मंडळाने विकासयोजना आखून गावांचे चार वर्ग पाडले. शेवटच्या, म्हणजे ‘ड’ वर्गात, ११४ गावे पडली. त्यांच्या खाणी आटल्या होत्या किंवा आटणार होत्या. सबब तेथे नवा पैसा घालावयाचा नाही, घरे जीर्ण होतील तशी पाडावयाची आणि माणसांनी अन्यत्र जावयाचे, असे ठरले.

हे ठरविणारे कोणी जुलमी मालक असते तर निवाडा सोपा होता. परंतु मजूर पक्षाचे बहुमत झालेला पहिला परगणा डरहॅमच. १९१९ मध्ये त्याच्या अध्यक्षस्थानी पीटर ली बसला, तो कोवळ्या वयात खाणीत उतरलेला मजूर. त्याच्याच नावाने १९४८ मध्ये पीटरली हे नवे शहर योजिले गेले. खाणकामगारांच्या मुलाबाळांना उजेडाची घरे मिळावीत, ही इच्छा वाईट कशी म्हणावी? दुसऱ्याने ओल धरलेल्या खोल्यांतच राहावे, म्हणजे जुन्या खेड्याची शोभा टिकेल, असे दुरून म्हणणारा रसिक मला तरी निर्दय वाटतो.

तथापि लोकांनी विरोध केला, आणि १९७७ मध्ये ते धोरण सोडून देण्यात आले. विरोध करणाऱ्यांना ‘आठवणींत रमणारे’ म्हणून बाजूस सारणे सोपे असते. बालपणाची आठवण निवडक असते हे खरे. मुलाला बापाचा खोकला ऐकू येतो, त्याचा अर्थ कळत नाही. पण निवडक म्हणजे खोटी नव्हे. स्पेनिमूरचा चित्रकार नॉर्मन कॉर्निश (१९१९–२०१४) चौदाव्या वर्षी ज्या खाणीत उतरला, तिला अपघातांमुळे लोक ‘खाटकाचे दुकान’ म्हणत. तेथे अनेक वर्षे राबूनही त्याने चितारले ते गल्लीत खेळणारी मुले, गुत्त्यातले सोबती आणि पहाटे कामावर निघालेली वाकलेली माणसे. यावरून खाण चांगली होती असे मुळीच सिद्ध होत नाही. जो या आठवणींच्या बळावर दुसऱ्याच्या मुलाला पुन्हा अंधारात पाठवू पाहील, त्याने आधी स्वतःच्या मुलाकडे पाहावे.

सिद्ध होते ते निराळेच. कंपनीने घरे बांधली. गाव बांधले नाही. शेजारधर्म, प्रार्थनामंदिर, वाद्यवृंद, परसातली कबुतरे, फावल्या वेळात वाढविलेल्या लीक नावाच्या कांद्याच्या जातीच्या भाजीची स्पर्धा, हे पगारपत्रकात कोठेही नव्हते. खाणीने जे दिलेच नाही, ते खाण आटल्याच्या सबबीवर काढून घेण्याचा अधिकार कोणाला पोचतो? मंडळाने कोळशाचा हिशेब बहुधा अचूक केला असेल. पण त्या वहीत हे जमेस धरण्याचा रकानाच नव्हता, आणि ज्यांना विचारून तो आखता आला असता ती माणसे तेथेच राहत होती.

डरहॅम शहरात १८७१ पासून खाणकामगारांचा मेळावा भरतो. प्रत्येक गाव आपले निशाण वाद्यांच्या गजरात मिरवीत आणते. त्या वर्षी खाणीत मृत्यू झाला असेल तर त्यावर काळे वस्त्र घालण्याची रीत होती. ईझिंग्टनची खाण १९९३ मध्ये बंद झाली, आणि आज त्या परगण्यात जमिनीखालची एकही कोळशाची खाण चालू नाही. मेळावा मात्र जुलै महिन्यात अजून भरतो, आणि अलीकडे काही गावांनी जुने निशाण जीर्ण झाले म्हणून नवे करवून घेतले आहे.